एक्स्टेन्शन ट्यूब आणि फाल्गुनातले थेंब : सहा महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या ऑक्टोबरात 13, 21 आणि 31 मिलिमीटरच्या एक्स्टेन्शन ट्यूबचा संच मागवला. दीड हजाराच्या आसपास पडला. अगदी जवळून फोटो घेणारी मॅक्रो लेन्स परवडणारी नव्हती आणि मला फोटो हवे होते ते थेंबांचे. हिवाळाभर दवावर हात बसवला. फेब्रुवारीच्या शेवटी अवकाळी पाऊस आला, तेव्हा या संचाचा खरा कस लागला. थेंबांसाठीच घेणार असाल तर जरूर घ्या, पण आधी हे वाचा.

ट्यूब म्हणजे आत काच नसलेलं नळकांडं. कॅमेरा आणि लेन्स यांच्या मधे ते बसवलं की लेन्स सेन्सरपासून लांब जाते आणि तेवढ्यानंच अगदी जवळच्या वस्तूवर फोकस करू लागते. वस्तू सेन्सरवर तिच्या आकाराच्या किती पट उमटेल, तर ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेले मिलिमीटर), एवढाच हिशेब. माझ्या 50 मिलिमीटरच्या लेन्सला 31 ची ट्यूब लावली की 0.62 पट मिळतात. तिन्ही जोडल्या की 65 होतात, म्हणजे 1.3 पट, आणि थेंब सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकारापेक्षा मोठा उमटतो. पण मग प्रकाश पाचव्या हिश्श्यावर येतो, लेन्स थेंबापासून जेमतेम चार बोटांवर राहते आणि अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, एफ 8 ला ठेवलं तरी फोकसमधला भाग अर्धा मिलिमीटरही भरत नाही. वाऱ्यात हे जमत नाही. मी बहुतेक वेळा एकटी 31 चीच लावतो.

आमचं गाव मोर्शी तालुक्यात, संत्र्याच्या पट्ट्यात. त्या रात्री तीनच्या सुमारास पाऊस सुरू झाला आणि उजाडता उजाडता उघडला. बांधावरून जावं तर काळी माती बुटाला थराथरानं चिकटते, म्हणून पांदणीनं निघालो. पांदणीच्या तोंडाशी पळस आहे. पान एक नाही, नुसता फुलांनी भरलेला. पळसाचं फूल ट्यूबमधून पाहिल्याशिवाय कळत नाही. पाकळीवर बारीक रुपेरी लव असते आणि खालचा देठाकडचा भाग काळपट मखमलीसारखा. पाणी त्या लवेवर पसरत नाही, गोळी होऊन उभं राहतं. पाकळीच्या बाकदार टोकाला मात्र थेंब लोंबतो, आणि मला हवा होता तो हाच.

लोंबत्या थेंबात मागचं सगळं उलटं दिसतं. थेंबाच्या मागे वीतभर अंतरावर दुसरा घोस येईल अशी जागा धरली की त्या इवल्याशा पाण्यात अख्खा घोस डोक्यावर उभा दिसतो. इथं मी कितीतरी दिवस चुकत होतो. थेंबाच्या कडेवर फोकस करायचो आणि आतलं फूल धुरकट यायचं. कारण ते चित्र थेंबाच्या आत नसतंच. थेंब भिंगाचं काम करतो आणि चित्र त्याच्या किंचित पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला तयार होतं. म्हणून कडा स्पष्ट झाली की कॅमेरा केसभर मागे घ्यायचा. ऑटोफोकस बंद ठेवायचा, कोपरं पोटाशी घट्ट धरायची आणि अंग मागेपुढे डोलवत लागोपाठ आठ-दहा फोटो घ्यायचे. त्यातला एक लागतो. एफ 8 ते 11, शटरचा वेग 1/250 सेकंदाच्या खाली नाही, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 800. वेळ थोडाच मिळतो; या दिवसांत ऊन वर आलं की तासाभरात थेंब गायब होतात.

आता तक्रारी. तीन ट्यूब म्हणजे चार सांधे, आणि एकाही सांध्याला रबरी सील नाही. त्याच सकाळी झाडावरून पाणी ठिबकत होतं. थोड्या वेळानं कॅमेऱ्यानं एरर दाखवली. ताबडतोब बॅटरी काढली, ट्यूब सुट्या करून सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात दोन दिवस ठेवल्या, मग सगळं सुरळीत झालं. तेव्हापासून प्लास्टिकच्या पिशवीला भोक पाडून ती रबर बँडनं लेन्सच्या तोंडाशी बसवतो. चौथ्या महिन्यात 13 च्या ट्यूबचं लेन्स अडकवून धरणारं बटण सैल झालं आणि लेन्स किंचित हलू लागली. विक्रेत्यानं बदलून दिली नाही. ती ट्यूब मी आता वापरत नाही. जड लेन्स असेल तर माउंट (लेन्स बसते ती कडी) धातूचा असलेलाच संच घ्या. इलेक्ट्रिक संपर्क नसलेला स्वस्तातला प्रकार तर घेऊच नका. बऱ्याच लेन्समध्ये त्यावर अॅपर्चर बदलताच येत नाही.

त्या सकाळी पुढच्या वावरात काका धुऱ्यावर उभे होते. सोंगून ठेवलेला हरभरा भिजला होता. मला पाहून म्हणाले, "थेंबाचे फोटो मंग काढजो बाप्पा, आंधी इकडं ये." कॅमेरा पिशवीत टाकला आणि दुपारपर्यंत आम्ही ढीग उलटून पसरवत होतो. आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलांची) बोराएवढीही न झालेली संत्री झाडाखाली गळून पडली होती. त्यांचेही फोटो मी नंतर घेतले. देठाशी अडकलेला थेंब आणि त्याच्या आत ढगाळ आभाळ. हा पाऊस आम्हाला परवडत नाही, हे मला माहीत आहे. तरीही ते थेंब माझ्याकडून सोडवत नाहीत.

माझा सगळ्यात आवडता फोटो मात्र पावसाचा नाही, डिसेंबरातला आहे. हरभऱ्याच्या पानावर केसांएवढी बारीक लव आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एकेक चमकता मणी. मी त्याला दव समजलो होतो. बाबांना मोबाइलवर दाखवला तर त्यांनी स्क्रीन दोन बोटांनी मोठी केली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे दव नोहे, आंब हाय. जीभ लावून पाह्य, आंबट लागते." दुसऱ्या दिवशी पहाटे पानाला जीभ लावली. आंबटच होती. मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल त्या लवेतूनच पाझरतं. म्हणून हरभऱ्यात फोटो काढून आल्यावर ट्यूब आणि लेन्स आधी ओल्या कापडानं पुसतो, मग कोरड्या.