इग्वानाच्या ताटात काय वाढायचं: दारचा पाला, मंडईची जुडी की डब्यातलं खाद्य?

सोलापुरात घरी इग्वाना आला की गल्लीतून पहिला सल्ला येतो तो अंडं चारायचा. दिसायला घोरपडीचा भाऊबंद, म्हणजे खाणंही तेच असणार, असा सरळ हिशोब. घोरपड मांस खाते हे खरं, आणि ती पाळणं गुन्हा आहे हेही खरं; वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे तो. हिरवा इग्वाना मात्र मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या झाडांवर राहणारा, पिल्लू असल्यापासून पानं खाणारा. तो बाळगायला बंदी नाही, पण 2024 च्या नियमांनुसार केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. अजून केली नसेल तर आहाराच्या आधी ते काम उरका.

अंडं, पनीर, मांजराचं खाद्य हे काही त्याला लगेच बाधत नाही, आणि घोळ तिथेच होतो. आवडीनं खातो, अंगानं भरतो, घरचे खूश. काही वर्षांनी मूत्रपिंडं थकतात, सांध्यांत युरिक ॲसिड साठतं. 15 ते 20 वर्षं जगू शकणारा प्राणी निम्म्या वाटेवर जातो. तेव्हा मांसाहार या तुलनेत धरलेलाच नाही. भात आणि भाकरीचा कुस्करा देणारेही भेटतात, तेही बाद.

उरतात तीन वाटा. शेवगा, हादगा, तुती, जास्वंद असा दारचा पाला. लक्ष्मी मार्केटमधून आणलेल्या भाजीच्या जुड्या. आणि दुकानातलं तयार खाद्य. माझा कौल आधीच सांगतो: रोजच्या ताटात निम्म्याहून जास्त दारचा पाला, बाकी मंडई, आणि डबा फक्त अडचणीला.

तोलायचं कशावर

कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दुप्पट हवं. हे उलटं झालं की शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. जबडा मऊ पडतो, मागचे पाय सुजून गुबगुबीत दिसतात (लोकांना वाटतं, बाळसं धरलंय), बोटं थरथरतात, पोट जमिनीवरून उचलवत नाही. दुसरी गोष्ट ऑक्झलेटची, म्हणजे काही पालेभाज्यांत असणाऱ्या एका क्षाराची. भाजीत कॅल्शियम कितीही असलं तरी ऑक्झलेट भरपूर असेल तर ते बांधलं जातं आणि अंगाला लागत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत 100 ग्रॅम पाल्यामागे हे आकडे सापडतात. हादगा: कॅल्शियम 1130 मिलिग्रॅम, फॉस्फरस 80. शेवग्याची पानं: 440 आणि 70. मेथी: 395 आणि 51. कोथिंबीर: 184 आणि 71. पालक: 73 आणि 21. कोबी: 39 आणि 44. संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत यातले काही आकडे खाली आले आहेत, शेवग्याचा 300 च्या आसपास धरा. तरी हादगा-शेवगा वर आणि कोबी तळाला, ही उतरंड काही बदलत नाही.

दारचा पाला

शेवगा आपल्या हवेचं झाड. कोरड्या, हलक्या जमिनीत वाढतं, उन्हाळ्यात थोड्या पाण्यावर तगतं, छाटलं की पुन्हा फुटतं. सोलापुरात आठ-दहा घरांमागे एखादं तरी सापडेल, आणि शेंगा मागितल्यावर तोंड फिरवणारे लोक पाला मात्र हसत देतात. फवारणीचा प्रश्न जवळपास मिटतो. इग्वानाही तो सहसा नाकारत नाही.

खोट एकच: शेवगा आणि हादगा, दोन्ही प्रथिनांनी दाट आहेत. नुसत्या शेवग्यावर प्राणी ठेवू नका. ताटाचा साधारण तिसरा हिस्सा शेवगा, हादगा त्याहून कमी. हादग्याची फुलं मिळाली तर बोनस.

जास्वंद ताट रुचकर करते. पानं आणि फुलं दोन्ही चालतात, आणि रुसून बसलेला इग्वाना लाल फूल पाहून तोंड उघडतो असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. नर्सरीतून आणलेलं रोप मात्र निदान दोन-तीन महिने वापरू नका. त्यावर काय मारलंय सांगता येत नाही.

तुतीबद्दल जरा जास्त बोलतो, कारण तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. जिल्ह्यात रेशीम करणारे शेतकरी आहेत. त्यांच्या तुतीवर चुकीचं औषध पडलं तर अळ्या मरतात, म्हणून फवारणीला ते स्वतःच्या पोटासाठी जपतात. तसा पाला पैसे मोजूनही मिळणं अवघड. ओळखीत कुणी असेल तर आठवड्याला एक पिशवी मागून बघा. उलट द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागेतली पानं फुकट मिळाली तरी नको, त्या बागांना फवारणी किती असते हे आपल्याला ठाऊक आहे.

दारचं सगळंच मात्र खाण्याजोगं नसतं. कण्हेर पूर्ण विषारी आहे, आणि ती इथे रस्त्याच्या दुभाजकापासून देवळाच्या आवारापर्यंत सगळीकडे. कण्हेरीखालची पानं झाडून आणलेल्या पाल्यात मिसळली नाहीत ना, हे बघाच.

मंडईची जुडी

मंडईचा फायदा म्हणजे विविधता, आणि झाड नसलेल्या फ्लॅटमधल्या माणसाला दुसरा आधारही नाही. मेथी सगळ्यात भरवशाची. कोथिंबीर वासासाठी बरी. लाल भोपळा किसून, घोसाळी-दोडका बारीक चिरून घातला की ताटाला ओल आणि रंग येतो.

पालक, राजगिरा, तांदुळजा, चुका, घोळ यांत ऑक्झलेट जास्त. आठवड्यातून एखाद्या वेळी मूठभर गेलं तर आभाळ कोसळत नाही, पण रोजचा पाया यांचा नको. सोलापूरच्या पूर्व भागात अंबाडी हवी तेवढी मिळते. ती आंबट आहे, तिलाही मी याच रांगेत बसवतो. कोबी, फ्लॉवर, मुळ्याचा पाला थायरॉइडच्या कामात अडथळा आणू शकतात, तेव्हा अधूनमधून. लेट्यूस आणि काकडी म्हणजे चावून खायचं पाणी. इग्वानाला ती फार आवडतात, आणि त्यांची सवय लागलेला प्राणी नंतर कडवट पाल्याकडे बघत नाही.

अडचण फवारणीची. जुडी सोडून वाहत्या पाण्यात दोनदा धुवावी लागते, आणि नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या गावात हा खर्चही धरायला हवा. शिवाय पावसाळ्यात मेथी महागते आणि चिखलानं भरलेली येते.

गुरांच्या चाऱ्यातला लसूणघास हा मधला पर्याय. कॅल्शियम चांगलं, भाव चाऱ्याचा. पेंढी कोवळी बघून घ्या, जून काड्या काढून टाका. प्रथिनं यातही जास्त, म्हणून शेवगा आणि लसूणघास एकाच दिवशी भरपूर देऊ नका.

डबा

तयार खाद्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. महाग, बहुतेक बाहेरून आलेलं, आणि कोरडं. इग्वाना पाण्याची बरीच गरज पानांतून भागवतो. कोरडे दाणे खाल्ले की ते गणित बिघडतं, त्यात आपला एप्रिल-मे. द्यायचंच तर भिजवून, पाल्यात कालवून द्या. प्रवासात, शेजाऱ्याच्या हवाली करताना किंवा मंडई बंद असताना उपयोगी. घेताना मुदत बघा आणि घटकांत मासळी किंवा मांसाची पूड नाही याची खात्री करा.

तिन्ही वाटांवर लागणारं

कॅल्शियमची पूड चिमूटभर, फॉस्फरस नसलेली. अंड्याचं कवच उकळून, वाळवून, वस्त्रगाळ केलं तरी चालतं. तेही कॅल्शियम कार्बोनेटच. पशुखाद्याच्या दुकानातलं मिनरल मिक्श्चर नको, त्यात फॉस्फरस असतं. खायचा चुना तर अजिबात नको, तोंड आणि अन्ननलिका भाजते.

पूड पचायला डी-3 जीवनसत्त्व लागतं आणि ते उन्हातल्या यूव्हीबी किरणांतून तयार होतं. खिडकीच्या काचेतून ही किरणं आत येत नाहीत. जाळीचा पिंजरा, अर्धा सावलीत, थेट उन्हात ठेवा. हिवाळ्यात नऊ ते साडेदहा सुखाचं. उन्हाळ्यात त्याआधीच आत घ्या, 42 अंशांत तो तासाभरातही दगावू शकतो. ऊन मिळणार नसेल तर यूव्हीबी दिवा घ्यावाच लागतो, आणि तो खर्च डब्यापेक्षा आधी करा.

खाणं सकाळी, अंग तापल्यावर. पोटातला पाला आंबायला ऊब लागते, शेकायची जागा 35 अंशांच्या आसपास हवी. डिसेंबरच्या संध्याकाळी भरपेट चारून थंड खोलीत ठेवलं तर ते अन्न तसंच पडून राहतं. फळ दहाव्या हिश्शापेक्षा कमी: पपई, अंजीर. केळं क्वचित, त्यात फॉस्फरस कॅल्शियमपेक्षा जास्त आहे.

मग तुमचं काय?

अंगण किंवा शेवगेवाला शेजारी असेल तर विचार करायची गरज नाही; दारचा पाला धरा आणि मंडईतून आठवड्याला दोन वेगळ्या भाज्या आणा. फ्लॅटमध्ये असाल तर मेथी आणि लसूणघास आलटून पालटून, जोडीला कुंडीत जास्वंद. महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर असाल आणि घरी चिरून देणारं कुणी नसेल, तर डब्यावर विसंबण्यापेक्षा हा प्राणी न आणलेला बरा. पूर्ण वाढल्यावर शेपटीसह पाच-सहा फूट होतो आणि रोज परातभर पाला मागतो.

आधीच काकडी-लेट्यूसवर वाढलेला इग्वाना हाती आला असेल तर एकदम बदल करू नका. शेवगा अगदी बारीक चिरून त्याच्या आवडीच्या भाजीत मिसळा, वरून जास्वंदीच्या पाकळ्या, आणि दर तीन-चार दिवसांनी जुन्याचा वाटा थोडा कमी करा. महिना-दोन महिने लागतात. वजन मात्र दर आठवड्याला काट्यावर बघत राहा, ते उतरायला लागलं की बदल थांबवून सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरला गाठा, मग त्यासाठी पुण्याला जावं लागलं तरी.