यूट्यूबची 'टेस्ट अँड कम्पेअर': सोलापूरच्या चॅनेलवाल्यांना कितपत कामाची?

यूट्यूब स्टुडिओतली (चॅनेल सांभाळायच्या पानावरची) ही थंबनेल-चाचणीची सोय, जिला आता 'ए/बी टेस्टिंग' म्हणतात, फुकट आहे आणि मनापासून सांगण्यासारखी आहे. फक्त तिच्यात टाकायला तीन खरोखर वेगळी थंबनेलं, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारी लहान चित्रं, हवीत. एकच फोटो ठेवून अक्षरांचा रंग पिवळ्याचा पांढरा केला, तर दोन आठवडे वाट पाहून हाती काहीच लागत नाही.

सोय अशी: एका व्हिडिओला जास्तीत जास्त ३ थंबनेलं लावायची. यूट्यूब ती प्रेक्षकांत वाटून दाखवतं आणि कोणत्या थंबनेलला पाहण्याच्या वेळेतला वाटा जास्त मिळाला, यावर निकाल देतं. निव्वळ क्लिकवर नाही, हे फार बरं केलंय. भडक चित्र पाहून आलेला माणूस दहा सेकंदांत परत गेला तर त्याचा उपयोग काय?

आता ती तीन वेगळी थंबनेलं आणायची कुठून? इथेच शेजारच्या चॅनेलांचा अभ्यास लागतो, आणि तो बहुतेक जण अर्धाच करतात.

समजा, विषय शेंगा चटणी. ब्राउझरची इनकॉग्निटो (खासगी) खिडकी उघडा, नाहीतर तुमच्याच आवडीचे व्हिडिओ वर येतील. शोध देवनागरीत एकदा, रोमन लिपीत एकदा. पहिल्या २० निकालांचे स्क्रीनशॉट घ्या, पण सुटी चित्रं नकोत, अख्खं पान घ्या. तुमचं थंबनेल कुणाच्या शेजारी बसणार आहे, ते तिथेच दिसतं.

मग त्यातली पाच चॅनेलं निवडा आणि प्रत्येकाचे शेवटचे ३० व्हिडिओ बघा. व्ह्यूज चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा काढा. त्याच्या तिप्पट गेलेले व्हिडिओ एका बाजूला, निम्म्याच्याही खाली राहिलेले दुसऱ्या बाजूला. दुसरा ढीग सोडू नका. चाललेल्या दहांत चेहरा दिसला म्हणून 'चेहरा चालतो' असं ठरवाल, आणि पडलेल्या दहांतही तोच चेहरा असेल! आठवड्याच्या आतले व्हिडिओ वगळा, त्यांचा आकडा अजून बसलेला नसतो. दुसऱ्याचा क्लिक-दर (थंबनेल दिसलेल्यांपैकी किती जणांनी क्लिक केलं) मात्र बाहेरून दिसत नाही. विषय, शीर्षक, सणवार यांचाही हात व्ह्यूजमध्ये असतो, म्हणून या अभ्यासातून मिळतो तो अंदाज. पडताळणी स्वतःच्या चाचणीतच.

प्रत्येक चित्र १६८ पिक्सेल रुंदीला लहान करून बघा. संगणकावर बाजूच्या पट्टीत साधारण तेवढंच दिसतं. चटणीची खरी अडचण इथे कळते. खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली चटणी मोठ्या पडद्यावर तोंडाला पाणी आणते. लहान झाली की काळ्या दगडावरचा तपकिरी डाग. तीच चटणी पांढऱ्या दह्याशेजारी, कडक भाकरीच्या तुकड्यावर ठेवा, लाली लगेच उठून दिसते. झाली दोन थंबनेलं: एकात खलबत्ता आणि हात, दुसऱ्यात भाकरी-दही. तिसऱ्यात अक्षरं अजिबात नकोत, नुसता चटणीचा घास जवळून. चादरीच्या दुकानाचा व्हिडिओ असेल तरी हेच: जेकार्डची बारीक नक्षी लहान आकारात गिचमिड होते, तेव्हा अख्खी चादर पसरण्यापेक्षा एक घडी आणि एकच ठसठशीत फूल घ्या.

अक्षरांत देवनागरीची स्वतःची गोची असते. जाड बाह्यरेषा दिली की 'शेंगा'तला अनुस्वार मात्रेत मिसळतो आणि वाचणाऱ्याला 'शेगा' दिसतं. मुक्ता किंवा बालू हे फुकट फॉन्ट ठळक वजनात घ्या, बाह्यरेषेऐवजी मागे गडद पट्टी द्या, तीन शब्दांवर जाऊ नका. उजवा खालचा कोपरा रिकामा सोडा. तिथे व्हिडिओची वेळ येते आणि नेमका दर किंवा 'भाग २' झाकला जातो.

तिन्ही चित्रं १२८० × ७२० पिक्सेलमध्येच काढा. एकही त्याहून लहान असलं, तर यूट्यूब तिन्हींचा दर्जा खाली ओढतं आणि चांगलं चित्रही धूसर होतं. चाचणी चालू असताना शीर्षक बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. दुसऱ्याचा फोटो उचलून वापरायचा नाही. मांडणी शिकायची, चित्र स्वतःचं काढायचं.

उणी बाजू एकच, पण मोठी: लहान चॅनेलला पुरेसे प्रेक्षक मिळत नाहीत आणि निकाल 'अनिर्णित' येतो. त्यावर उपाय म्हणजे नव्या व्हिडिओऐवजी, रोज थोडे तरी व्ह्यूज येणारा जुना व्हिडिओ चाचणीला लावणं. हंगामही पाहा. हुरड्याच्या व्हिडिओची चाचणी डिसेंबर-जानेवारीत लावा, गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या) यात्रेची संक्रांतीच्या आधी. मे महिन्यात हुरडा शोधणारेच नसतात, तर निवडणार कोण?