थंडरबर्डचं ॲड्रेस बुक: पत्ते जमवतं झकास, दुबार नोंदी मात्र तुमच्या गळ्यात

मोझिलाच्या थंडरबर्ड या ईमेल प्रोग्राममधलं ॲड्रेस बुक, म्हणजे पत्त्यांची वही, 2022 साली 102व्या आवृत्तीत नव्याने बांधलं गेलं आणि तेव्हापासून ते खरोखर वापरण्यासारखं झालं आहे. एका कार्डात हवे तितके ईमेल पत्ते बसतात, माहिती व्हीकार्ड या संपर्कांच्या सर्वमान्य स्वरूपात राहते, देवनागरी नावं जशीच्या तशी दिसतात आणि शोधातही सापडतात. पैसे पडत नाहीत. एवढं सगळं असूनही दुबार नोंदी शोधून एकत्र करणारं बटण त्यात नाही. जुन्या धाटणीचं आउटलुक नवी नोंद जतन करताना ‘ही व्यक्ती आधीच आहे’ असं निदान सांगतं. थंडरबर्ड तेवढंही सांगत नाही, आणि चारपाचशे पत्ते सांभाळणाऱ्या सोसायटीच्या सचिवाला किंवा एखाद्या संस्थेच्या कार्यालयाला ही उणीव चांगलीच जाणवते.

आधी दुबार नोंदी येतात कुठून ते पाहू. थंडरबर्ड दोन वह्या तयारच देतं: ‘पर्सनल ॲड्रेस बुक’ आणि ‘कलेक्टेड ॲड्रेसेस’. तुम्ही ज्या नव्या पत्त्यावर मेल पाठवता तो दुसऱ्या वहीत आपोआप जमा होतो. पत्ता आधीच कुठल्या वहीत असेल तर तो पुन्हा जमा होत नाही, त्यामुळे नुसत्या या सोयीने गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो नंतर सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी यादी) आयात केली किंवा गूगलचे संपर्क जोडले की. आयात करताना जुन्या नोंदींशी पडताळणी होतच नाही. तीच फाइल दोनदा आयात केली तर सगळी यादी दुप्पट होते.

याचा त्रास फक्त यादी लांबण्यापुरता नाही. मेल लिहिताना ‘टू’च्या रकान्यात दोनतीन अक्षरं टाइप केली की थंडरबर्ड सगळ्या वह्यांतून पत्ते सुचवतं, आणि ज्या पत्त्यावर जास्त वेळा मेल गेलं तो वर येतो. एखाद्याने नोकरी बदलली, त्याचा नवा पत्ता तुम्ही ‘पर्सनल’मध्ये नीट लिहिला, तरी ‘कलेक्टेड’मधला जुना ऑफिसचा पत्ता वर्षभराच्या वापराच्या जोरावर पहिल्या ओळीत येतो. घाईत एंटर दाबलं की मेल जुन्या ऑफिसला.

साफसफाईला हात घालण्याआधी प्रत काढून ठेवा. ‘हेल्प’ मेनूतल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मधून प्रोफाइल फोल्डर (तुमचा सगळा डेटा असतो ते) उघडा, मग थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि ‘एबुक’ व ‘हिस्टरी’ या नावांच्या एसक्यूलाइट फायली (abook.sqlite, history.sqlite) दुसरीकडे कॉपी करा. पहिली पर्सनल वही, दुसरी कलेक्टेड. स्वतः बनवलेल्या इतर वह्यांच्या फायली वेगळ्या असतात, त्याही घ्या. त्यानंतर ‘सेटिंग्ज’मधल्या ‘कंपोझिशन’ विभागात जाऊन पत्ते आपोआप जमा करण्याची खूण काढा. नाहीतर एकीकडे केर काढायचा आणि दुसरीकडे पडत राहायचा.

दोनशेपर्यंत नोंदी असतील तर हाताने काम होतं. ‘ऑल ॲड्रेस बुक्स’ निवडा, यादीचं रूप बदलून तक्ता करा आणि ईमेलच्या रकान्याच्या मथळ्यावर क्लिक करा. सारखे पत्ते एकाखाली एक येतात. एकाच कार्डात दोन ईमेल असतील तर क्रम पहिल्यावर लागतो, म्हणून दुसऱ्या जागी दडलेला पत्ता या फेरीत निसटतो. तो शोधाच्या चौकटीत टाकूनच पाहावा लागतो. जादा कार्ड उडवण्याआधी ते एखाद्या मेलिंग लिस्टमध्ये (एका नावाखाली जमवलेल्या पत्त्यांच्या गटात) आहे का ते बघा. कार्ड गेलं की ती व्यक्ती लिस्टमधूनही जाते, आणि पुढच्या सभेची सूचना तिला मिळत नाही.

नोंदी याहून जास्त असतील तर ‘कार्डबुक’ हे ॲड-ऑन, म्हणजे थंडरबर्डला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, घ्या. त्यात दुबार संपर्क शोधण्याची सोय आहे: सारख्या वाटणाऱ्या नोंदींचे गट समोर येतात, आणि एकत्र करायला घेतलं की कार्डं शेजारीशेजारी मांडून कोणत्या कार्डातली कोणती माहिती ठेवायची ते खुणांनी निवडता येतं. मूळ कार्डं ठेवून नवं करायचं की मूळ कार्डांच्या जागी नवं ठेवायचं, हेही तिथेच ठरतं. हे काम संथ आहे, पण बरोबर आहे. गूगल कॉन्टॅक्ट्समधल्या ‘मर्ज अँड फिक्स’मध्ये सगळं एका दमात मान्य करता येतं, आणि तिथेच धोका आहे. सोसायटीच्या यादीत नवरा-बायकोने एकच ईमेल दिलेला असतो. यंत्र दोघांचं एक कार्ड करून मोकळं होतं. गूगलवर असं झालंच तर 30 दिवसांच्या आत जुनी स्थिती परत आणता येते.

मराठी नावांची एक अडचण कोणत्याच साधनाच्या लक्षात येत नाही. ‘कऱ्हाडकर’मधला अर्धा र एका कीबोर्डवर ऱ-ला हलन्त जोडून येतो, तर दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळी आडनावं. ‘ॲड.’चंही तेच: काहींकडे ॲ हे एकसंध अक्षर असतं, काहींकडे अ-वर चंद्र चढवलेला. त्यात भर म्हणून सरकारी याद्यांत आडनाव आधी, आणि मोबाइलमधून आलेल्या नोंदी रोमन लिपीत. म्हणून नावावरच्या जुळणीवर विसंबू नका. ईमेल हीच खूण धरा, ती नसेल तर मोबाइल क्रमांकाचे शेवटचे दहा आकडे. +91 आणि सुरुवातीचा शून्य यांमुळे एकच क्रमांक तीन प्रकारे लिहिलेला सापडतो.

लिब्रेऑफिसच्या कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्राममध्ये यादी साफ करून परत आणायची असेल तर थंडरबर्डमधून निर्यात करताना यूटीएफ-8 (सगळ्या लिप्या सांभाळणारी अक्षर-पद्धत) असलेला सीएसव्हीचा पर्याय घ्या. सिस्टम कॅरॅक्टरसेटचा, म्हणजे संगणकाच्या स्वतःच्या अक्षर-पद्धतीचा, पर्याय निवडला तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात, आणि ती नावं त्या फाइलमधून परत मिळत नाहीत. सीएसव्हीत फोटो आणि मेलिंग लिस्टही येत नाहीत. लिस्ट टिकवायच्या तर एलडीआयएफ या दुसऱ्या फाइल-प्रकारात निर्यात करा. त्या फाइलमध्ये देवनागरी नावांपुढे दोन कोलन आणि अगम्य रोमन अक्षरं दिसतात. ती बिघडलेली नाहीत, सांकेतिक रूपात आहेत. साफ केलेली यादी आयात करताना मात्र नवी रिकामी वही निवडा, आणि ती तपासल्यावरच जुनी उडवा.

गूगलचे संपर्क कार्डडॅव्हने (सर्व्हरवरचे संपर्क जुळते ठेवण्याच्या पद्धतीने) जोडणं आता सोपं आहे, बाहेरचं काही लागत नाही. पण थंडरबर्डच्या अशा वहीत मेलिंग लिस्ट बनवता येत नाही. लिस्ट वापरणाऱ्यांना त्यासाठी स्थानिक वही ठेवावीच लागते, म्हणजे तेच पत्ते दोन ठिकाणी. अशा वेळी स्थानिक वहीत फक्त लिस्टपुरते पत्ते ठेवावेत आणि फोन, पत्ता, वाढदिवस सगळं गूगलच्या बाजूला लिहावं. शिवाय कार्डबुक घेतलं तर लक्षात असू द्या, त्याच्या वह्या थंडरबर्डच्या वह्यांपासून वेगळ्या असतात, आणि थंडरबर्डच्या मोठ्या अपडेटनंतर ॲड-ऑन काही काळ बंद पडू शकतं. ज्यांचं रोजचं काम त्यावर चालतं त्यांनी दर महिन्याला बदलणारी आवृत्ती न घेता ईएसआर, म्हणजे दीर्घकाळ स्थिर राहणारी आवृत्ती, घ्यावी.