सामारिना, पिंडस पर्वत, ग्रीस: राहायला जा, पण बसायला स्वयंपाकघरात बसा

आम्ही तिघं, मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक, ऑगस्टमध्ये इथे तीन रात्री राहिलो. गेस्टहाऊसचं नाव लिहीत नाहीये कारण ते मालकीणबाईंचं, म्हणजे एका आज्जींचं, राहतं घरच आहे, वरच्या मजल्यावर चार खोल्या, आणि नेटवर नाव टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय. गावात चौकात विचारलंत तर कुणीही आणून सोडेल.

थेस्सालोनिकीला उतरून गाडी भाड्याने घेतली, ग्रेवेनापर्यंत हायवे एकदम मस्त, पुढे सगळा घाट. गाव १४०० मीटरच्या वर आहे, स्मोलिकासच्या अंगावर, आणि स्मोलिकास म्हणजे ग्रीसमधला दोन नंबरचा उंच डोंगर (२६३७ मीटर), त्यामुळे ऑगस्ट असूनही रात्री अक्षरशः कुडकुडलो. पण पलंगावर फ्लोकाती होती, मेंढीच्या लोकरीची जाड केसाळ रजई, ती विणून झाली की ओढ्याच्या धारेखाली लाकडी पिंपात घुसळतात आणि त्या घुसळण्यानेच लोकर अशी फुलते. लेक तीन दिवस तिच्यातून बाहेर यायला तयार नव्हती.

खोल्या साध्या, स्वच्छ. गरम पाणी सकाळी थोडा वेळच येतं, वायफाय फक्त खालच्या खोलीत. बुकिंगमध्ये तारीख एक दिवस चुकली होती, आज्जींनी मात्र काही न बोलता खोली दिली आणि वर जेवायलाही बसवलं.

जेवण! पालेभाजी आणि चीज घातलेली पिता, म्हणजे पापुद्र्यांची भरलेली पाय, पापुद्रे हाताने लाटलेले, इतके पातळ की आरपार दिसावं. ग्रेवेना भाग मश्रूमसाठी प्रसिद्ध आहे, ती नुसती परतून दिली होती. आणि त्राहानाचं सूप, म्हणजे गव्हाचा भरडा आंबट दुधात भिजवून उन्हात वाळवून ठेवायचा आणि थंडीत शिजवायचा, आपल्याकडच्या वाळवणासारखंच. शाकाहारी लोकांची अजिबात उपासमार होत नाही.

पण मी हे सगळं लिहायला बसले ते भाषेसाठी. हे अरोमानी लोकांचं गाव, ग्रीक त्यांना व्लाख म्हणतात, ते स्वतःला अर्मन म्हणतात, लॅटिन रोमानस म्हणजे रोमन, त्यावरून आलेला शब्द. त्यांची भाषा लॅटिनमधून आलेली, रोमेनियनची बहीण, आणि आजूबाजूला सगळीकडे ग्रीक. पूर्वी सगळा गाव मेंढ्यांमागे फिरायचा, एप्रिलमध्ये सेंट जॉर्जच्या सणाला वर, ऑक्टोबरच्या शेवटी सेंट दिमित्रीला खाली लारिसा, त्रिकालाच्या सपाटीवर. आपल्या धनगरांना वाड्याच्या जागा आणि दिवस ठरलेले असतात ना, अगदी तसं. आजही हिवाळ्यात गाव जवळपास रिकामं होतं आणि उन्हाळ्यात भरतं.

पहिल्या संध्याकाळी आज्जी फोनवर बहिणीशी बोलत होत्या आणि ते ग्रीक नव्हतं हे आम्हालाही कळलं. नातवाला विचारलं (तो इंग्लिश बोलतो, कॉलेजला आहे), तो म्हणाला व्लाखिका, म्हणजे व्लाखांची भाषा आहे, मला समजतं पण मी उत्तर ग्रीकमध्ये देतो. हे ऐकून मला गलबलून आलं कारण माझी आजी अहिराणीत बोलायची आणि मी कायम प्रमाण मराठीत उत्तर द्यायचे, ती गेल्यावर घरात अहिराणी बोलणारं कुणीच उरलं नाही.

मग लेकीने आज्जींना आकडे विचारले. उनु, दोइ, त्रेइ, पात्रु... पाच म्हणजे चिंचि, दोन्ही च चमच्यातले! दहा म्हणजे जात्सि, ज जाडमधला! आमच्या घरी हे उच्चार रोजचेच, लेकीने पहिल्याच फटक्यात बरोबर म्हटलं आणि आज्जींनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. आईला दादा म्हणतात. लेक चुलतभावाला दादा म्हणते, तिला हे इतकं आवडलं की दिवसभर मला दादा म्हणत होती. मेंढी म्हणजे ओआइ, आणि संस्कृतमध्ये मेंढीला अवि, हा योगायोग नाही, मूळ एकच शब्द आहे. लांडगा म्हणजे लुपु, पण तो विशिष्ट लांडगा असेल तर लुपलु, इंग्लिशमधल्या 'द'सारखं लु शब्दाच्या शेपटीला चिकटवून. आज्जी कणीक मळता मळता सांगत होत्या आणि नातू मोबाइलवर टाइप करून घेत होता, यातले दोन-तीन शब्द मलाही माहीत नव्हते म्हणाला.

ग्रीसमध्ये ही भाषा शाळेत शिकवत नाहीत. शेजारच्या नॉर्थ मॅसेडोनियात क्रुशेवो गावात तिला अधिकृत दर्जा आहे. आणि ही काही कधी लिहिलीच न गेलेली बोली नाही, १७७० मध्ये व्हेनिसला छापलेल्या पुस्तकात थिओदोरोस कावालिओतिस या शिक्षकाने ग्रीक आणि अल्बेनियनच्या शेजारी तिचेही शब्द दिले होते.

मोठ्या चर्चच्या छपरातून एक पाइनचं झाड उगवलंय, मुळं ना आतून दिसतात ना बाहेरून, ते बघाच. १५ ऑगस्टच्या सणाला जायचं असेल तर खोली फार आधी सांगून ठेवा, त्या आठवड्यात बाहेरगावी गेलेली सगळी मंडळी परत येतात.

मालकांना एकच विनंती केली, मेनूकार्डवर ग्रीक आणि इंग्लिशच्या खाली तुमच्या भाषेतली नावंही लिहा. नातू म्हणाला स्पेलिंग कसं करायचं यावर घरात भांडण होईल. आज्जी म्हणाल्या मी सांगते, तू लिही. निघायच्या दिवशी आमच्या टेबलावरच्या कार्डावर पेनाने दोन ओळी लिहिलेल्या होत्या, पिता आणि पाणी, पाणी म्हणजे आपा. साडेचार स्टार, अर्धा गरम पाण्यासाठी कापला.