मांजराचं रक्त घरी येऊन घेणारी लॅब, आमचा आठ महिन्यांचा अनुभव (पाचपैकी साडेतीन)

आमची मनी, वय 12, आतड्याचा लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर), त्यातला स्मॉल सेल, म्हणजे हळू वाढणारा. रोज प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) आणि एक दिवसाआड क्लोराम्ब्युसिल, ही किमोची गोळी. ती गोळी हातमोजे घालूनच द्यायची, तोडायची नाही. आणि ह्या गोळीने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली येऊ शकतात म्हणून सारखं सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करावं लागतं. मनीला क्लिनिकला न्यायचं म्हणजे पिशवी दिसली की ती पलंगाखाली, म्हणून ही घरी येणारी सर्व्हिस लावली. नाव मुद्दाम देत नाहीये.

आधी एक सांगते, कारण आम्ही इथेच फसलो होतो. सुरुवातीला उलट्या, वजन 4.6 वरून साडेतीन किलो, तेव्हा सगळं रक्त केलं, किडनी, लिव्हर, थायरॉइड, आणि रिपोर्ट जवळपास नॉर्मल! आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. फक्त व्हिटॅमिन बी12 खूप कमी आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) थोडं कमी. डॉक्टर म्हणाले हा कॅन्सर रक्तात दिसेलच असं नाही, पण छोट्या आतड्याच्या शेवटच्या भागात बी12 शोषलं जातं, ते घसरलंय म्हणजे आतड्यात काहीतरी आहे. मग सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड दिसली आणि बायोप्सीत नाव कळलं. त्यामुळे कोणी नुसत्या रक्तावर "कॅन्सर नाही" म्हणत असेल तर लगेच हुरळून जाऊ नका.

आता लॅबबद्दल. सॅम्पल घ्यायला येणारा दादा एक नंबर. टॉवेलमध्ये गुंडाळतो, मागच्या पायातून घेतो, जेमतेम अर्धा मिली, लहान मुलांची ट्यूब वापरतो. मनी त्याच्यावर फिसकारते पण चावलेली नाही अजून. सीबीसी त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर.

पण तिसऱ्या महिन्यात रिपोर्ट आला, प्लेटलेट 38 हजार, म्हणजे खूपच कमी. माझी आई रडायलाच लागली, मी रात्री अकराला डॉक्टरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले मांजराच्या प्लेटलेट ट्यूबमध्ये एकमेकींना चिकटतात, मशीनला त्या गुठळ्या नीट मोजता येत नाहीत, स्लाइड, म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली, बघितली का विचारा. विचारलं तर बघितलीच नव्हती! मांजरांचं रक्त तपासणाऱ्या लॅबला हे सांगावं लागतं म्हणजे काय? दुसऱ्या दिवशी पाहिलं, भरपूर गुठळ्या. पुन्हा सॅम्पल घेतलं त्याचे पैसे आधी मागितले, भांडल्यावर सोडले. गोळी मात्र दोन दिवस थांबवून ठेवलेली आम्ही.

दुसरं, बी12 बाहेर पाठवतात, पाच दिवस लागतात. आणि त्यासाठी उपाशीपोटी सॅम्पल लागतं हे बुकिंगच्या वेळी कोणी बोललं नाही, मनीने सकाळी सातलाच चिकन हाणलं होतं. सगळं परत.

तरी सोडलेली नाही, कारण पिशवीचा तमाशा वाचतो. आता बुकिंग करतानाच लिहिते: "मांजर आहे, स्लाइड बघूनच प्लेटलेट लिहा." मागचे दोन रिपोर्ट तसेच आले, खाली हाताने लिहिलेलं, गुठळ्या आहेत, अंदाजे पुरेशा.