तांबट लेनमधलं ठोक्याचं पिंप, घंगाळाची डागडुजी आणि कल्हई

नाशकात तांब्या-पितळेची भांडी घ्यायची म्हटलं की सगळे भांडी बाजार गाठतात. तयार माल हवा असेल तर तेच बरोबर आहे. मला पाण्यासाठी हाताने ठोकलेलं पिंप हवं होतं आणि सासूबाईंच्या घंगाळाचा सुटलेला सांधाही बसवून घ्यायचा होता. म्हणून जुन्या नाशकात तांबट लेनमधल्या एका कारखान्यात गेले. पाटी नाही, शोकेस नाही, ठोक्यांचा आवाज तेवढा गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतो. दोन्ही कामं मनासारखी झाली. इतकं चांगलं काम आपल्या गावात होतं हे माहीत असायला हवं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी ठोक्यांबद्दल. हल्ली सगळीकडे चकचकीत, अंगभर खळगे असलेली तांब्याची भांडी मिळतात. त्यातली बरीचशी मशीनवर दाबलेली असतात आणि खळगे नुसते शोभेचे. असंच एक पिंप आमच्याकडे आधी होतं. नळाला जरा जोरात लागलं आणि पोटाला पोचा आला. हाताच्या कामात ठोका कशासाठी असतो ते कारखान्यातल्या तांबट काकांनी काम करता करता दाखवलं. तांब्याच्या पत्र्याची गोल चकती कापतात आणि लोखंडी दांड्यावर फिरवत फिरवत खोलगट करत नेतात. तांबं ठोकत गेलं की कडक होतं, आणि त्यावरही ठोकत राहिलं तर चिरतं. म्हणून मधे मधे भट्टीत लाल होईस्तोवर तापवून पाण्यात बुडवायचं, की ते पुन्हा मऊ पडतं. शेवटचा हात मात्र गार भांड्यावर, खालून वर ओळीने. त्या शेवटच्या ठोक्यांचा कडकपणा भांड्यात तसाच राहतो. माझ्या पिंपाच्या पोटावर अंगठ्याने कितीही जोर लावा, दबत नाही.

ओळखायचं कसं? आत हात घालून बघा. हाताच्या कामात एक ठोका दुसऱ्यावर किंचित चढलेला असतो आणि पोटाकडून मानेकडे जाताना ठोके बारीक होत जातात. मशीनचे खळगे वरपासून खालपर्यंत एकाच मापाचे. येवल्याची पैठणी घेताना आपण पदर उलटा करून बघतोच ना? हातमागाची असेल तर उलटी बाजूही सुलटीसारखीच साफ दिसते. तीच चौकसपणाची सवय भांड्याच्या दुकानात कुठे जाते कोण जाणे.

मी शाळेत चित्रकला शिकवते. त्यामुळे हा आकार सुचला कुठून, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. गोदाघाटाने नाशिकच्या चित्रकारांना किती दिलं ते शिवाजी तुपे सरांच्या जलरंगांत दिसतंच. काकांनाही घाटानेच दिलं, पण त्यांची नजर लोकांच्या हातांवर. ते म्हणाले, "ताई, भांडं कसं धरतात ते बघायचं, आकार तिथेच कळतो." हंड्याचं पोट कडेवर टेकतं, म्हणून तो फुगवटा. मान आवळलेली, म्हणजे चालताना पाणी हिंदकळून सांडत नाही. तांब्याच्या तोंडातून बाईचा हात आत जाऊन बूड घासता आलं पाहिजे. रामकुंडावरून गंगा, म्हणजे गोदावरीचं पाणी, भरून नेतात तो गडू मात्र लहान तोंडाचा, कारण झाकण डाख लावून बंद करायचं असतं. लहानपणी वडिलांबरोबर ते घाटावर असे गडू द्यायला जायचे, तेव्हापासून हे बघत आलेत.

माझ्या पिंपाची कड त्यांनी थोडी बाहेर झुकवली आहे. ही कल्पना नारोशंकराच्या देवळातल्या घंटेची. वसईच्या 1739 च्या विजयाची आठवण असलेली ती घंटा आपण सगळ्यांनी येता-जाता पाहिलेली, पण तिच्या ओठाचा बाक किती देखणा आहे हे मला त्या दिवशी नव्याने दिसलं. मुद्दाम जाऊन बघून आले. पिंपाच्या बाबतीत त्या बाकाचा उपयोगही आहे: रिकामं पिंप उचलताना बोटांना नीट पकड मिळते.

घंगाळाचं काम तर मी मनापासून वाखाणेन. जुना सांधा दातेरी होता, म्हणजे दोन्ही पत्र्यांच्या कडांना दाते कापून ते एकमेकांत अडकवलेले. काकांनी वरून ठिगळ लावलं नाही. सांधा पूर्ण उकलून, घासून, दाते पुन्हा बसवले आणि टाकणखार लावून पितळेने झाळून घेतले. पाणी भरून रात्रभर ठेवलं, थेंब गळला नाही. कड्यांचे सैल रिव्हेट त्यांनी न सांगता आवळून दिले.

पितळेची दोन पातेली कल्हईलाही दिली होती. भांडं तापलं की नवसागर टाकतात, पांढरा धूर उठतो, लगेच कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने फिरवतात. कथील 232 अंशांना वितळतं, त्यामुळे सगळा खेळ काही क्षणांचा. त्यात कड सुटली तर तिथे आंबट पदार्थ कळकणार. माझ्या पातेल्यांची कल्हई काठापर्यंत एकसारखी आहे, आमटी रोज त्यातच होते.

कमी काय वाटलं तेही सांगते. पिंपाचं झाकण जरा ढिलं बसतं, त्यावर पिंपाइतकी मेहनत झालेली नाही. सांगितलेल्या तारखेला काम मिळेल असं धरून चालू नका, लग्नसराईत तर नाहीच. बुडाला बाहेरून भट्टीचा काळपट डाग राहिला होता, चिंच-मिठाने तो गेला.

दर वजनावर, मजुरी वेगळी. तांब्याचा भाव बदलत असतो म्हणून आकडा देत नाही. मशीनच्या पिंपापेक्षा बरंच महाग पडतं, आणि पडायलाच हवं. कृपा करून मजुरीत घासाघीस करू नका. हातोडा चालवणारी माणसं कारखान्यात दोनच आहेत आणि काकांचा मुलगा हे काम पुढे करायचं की नाही ते अजून ठरवतोय. मी तिथे असताना एक गिऱ्हाईक मशीनच्या मालाशी तुलना करत भाव पाडत होतं, तेव्हा त्या मुलाचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं.

जायचं तर सकाळी जा, तेव्हा भट्टी पेटलेली असते आणि काम बघायला मिळतं. किती माणसांसाठी पाणी लागतं आणि ओटा किती उंच आहे हे सांगा, उंची आणि घेर ते त्यावरून ठरवतात. मोडीत द्यायला काढलेलं जुनं भांडं असेल तर आधी त्यांना दाखवा. तांब्याच्या भांड्यात ताक, लिंबू, चिंचेचं काही ठेवू नका हे ते बजावतातच. मी आता बहिणीच्या वास्तुशांतीसाठी बंबाची चौकशी करून आलेय. नवा करण्यापेक्षा तिच्याच माळ्यावरचा जुना घेऊन या, असं काकांनी सांगितलंय.