तट्टू घेताय? आधी डांबरी रस्त्यावर पळवून बघा

पाचगणी, महाबळेश्वरला सवारीसाठी तट्टू घेणार असाल तर हे वाचाच. आम्ही टेबललँडवर पोरांना फिरवायला एक तट्टू घेतलं, सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात नाही, बाहेरच्या बाहेर एका दलालाकडून. नाव टाकत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही. त्यानं दाखवलं ते नांगरलेल्या रानात, मऊ मातीत, आणि तेही फक्त रवाल चालीत, म्हणजे हिसका न बसणाऱ्या सरपट्या चालीत, बघणारा खूशच व्हावा. दोर हनुवटीखाली आखडून धरलेला. जरा ढिला सोड म्हणलं तर म्हणतो, "नवीन माणसं बघून उधळंल ओ."

घरी आल्यावर सुरवातीला एकदम टकाटक, मग जांभ्या दगडावर पावलं आखडायला लागलं. लंगडतंय म्हणावं तर तसंही नाही, मान हलत नाही, पण उतार दिसला की नको नको करायचं, वळताना अडखळायचं, उभं असलं की कधी हा पाय पुढं तर कधी तो. एक जण म्हणे खांदा भरलाय. नालबंद म्हणे खिळा लागला असंल, त्यानं नाल काढून चिमट्यानं सगळा खूर दाबून बघितला, पू नाही काही नाही. दलालाला फोन केला तर "थंडीनं आखडलंय, तेल चोळा". तेल चोळा म्हणे!

शेवटी पुण्याहून घोड्यांचेच डॉक्टर बोलावले. त्यांनी डांबरावर सैल दोरानं दुडकी पळवलं. पुढचा दुखरा पाय टेकला की घोडं मान वर उचलतं आणि चांगल्या पायावर खाली टाकतं, त्यावरनं पाय ओळखायचा, पण दोन्ही सारखेच दुखत असतील तर मान हलणार कशाला, नुसती पावलं आखूड पडतात. मग गोल फिरवलं, तर उजवीकडं घेतलं की उजव्या पायावर मान उडतीय, डावीकडं घेतलं की डाव्यावर. मग उजव्या टाचेच्या वर दोन्ही बाजूंनी भुलीचं इंजेक्शन दिलं, थोडा वेळ थांबून टाचेला पेनाचं टोक टोचलं, तट्टू ढिम्म. परत पळवलं आणि आता डाव्या पायात सरळसरळ लंगडं! डाव्यालाही भूल दिल्यावर मात्र तेच तट्टू लांब लांब पाय टाकत पळालं. एक्सरेत निघालं की खुराच्या आतलं नेव्हिक्युलर हाड दोन्हीकडं खराब, दुखणं जुनं. हे पूर्ण बरं होत नाही, नाल बदलून, टाचेला आधार देऊन, गोळ्यांवर रेटायचं.

सुरवातीचे दिवस फिनाईलब्युटाझोन या दुखणं दाबणाऱ्या औषधावर निघाले असणार असं डॉक्टर म्हणाले. ते रक्तात काही दिवसच सापडतं, म्हणून सौदा करतानाच डॉक्टरकडून रक्त काढून ठेवा, नंतर हातात काहीच राहत नाही. विकणारा नाही म्हणला तर इसार देऊ नका. दुखणं लपवायला पायात भुलीचं इंजेक्शन दिलेलं असलं तर ते काही तासातच उतरतं, त्यामुळं सकाळी बघितलेलं जनावर संध्याकाळी न सांगता जाऊन परत बघा.

आमच्या दलालाचं म्हणणं, "तुमच्या दगडावर आणून तुम्हीच बिघडवलं." हाच माणूस आता व्हॉट्सअपवर दुसऱ्या एका तट्टाचे व्हिडिओ फिरवतोय, परत तेच नांगरलेलं रान आणि तोच आखडलेला दोर. ओळखीच्या एकानं त्याच्याकडं डांबरी रस्त्यावरची दुडकी मागितली तर ब्लॉक केलं त्याला.